किशोर गटातून पुरुष गटात जाणाऱ्या पंचाने उभं कुठे राहायचं?

प्रश्न : माझं वय २१. दोन वर्षं शाळांचे आणि किशोर गटाचे कबड्डी सामने पंच म्हणून करतोय. आता कुमार आणि पुरुष गटासाठी बोलावणं आलंय. खेळाडू वयाने मोठे, आवाजाने त्याहून मोठे. शिवाय एक संघ माझ्याच पेठेतला आहे. तयारी कशी करू? (वाचक, कसबा पेठ)

उत्तर : आवाजाची चिंता सोडा. गट बदलला की सगळ्यात आधी मैदान बदलतं. किशोर गटाचं मैदान ११ × ८ मीटरचं, कुमार मुलांचं आणि पुरुषांचं १३ × १० मीटरचं. निदानरेषा (चढाईपटूने ओलांडायलाच हवी ती रेषा) मध्यरेषेपासून ३ ऐवजी ३.७५ मीटरवर जाते, बोनस रेषा (जी ओलांडली की जादा गुण मिळू शकतो) तिच्या पुढे आणखी १ मीटर. डाव १५ ऐवजी २० मिनिटांचा होतो. दोन वर्षांत डोळ्यांना जी अंतरं सवयीची झाली, ती सगळी इथे चुकतात. म्हणून सामन्याच्या तासभर आधी मैदानावर पोचा, टेप घ्या आणि रेषा स्वतः मोजा. त्या मोजण्यातच नजर बसते.

दुसरी गोष्ट जागेची. नवे पंच मध्यरेषेजवळ रेंगाळतात, कारण लहान मैदानावर तिथून भागतं. मोठ्या मैदानावर तिथून बोनस रेषेकडे तिरकं बघावं लागतं आणि रेषेच्या अलीकडचा पायही पलीकडे गेल्यासारखा वाटतो. चढाईपटू निदानरेषेकडे सरकला की तुम्हीही बाजूच्या रेषेबाहेरून सरका आणि बोनस रेषेच्या अगदी सरळ रेषेत थांबा. नजर दोन्ही पायांवर हवी : पुढचा पाय रेषेपलीकडे टेकला त्या क्षणी मागचा हवेत होता का? समोर सहा किंवा जास्त खेळाडू होते का? आधी स्पर्श किंवा झटापट झाली असेल तर त्यानंतरचा बोनस नाही. चढाईपटू अंगठा दाखवत परत येईल, पण अंगठा हा पुरावा नव्हे. एक पंच बोनस रेषेवर असताना दुसऱ्याने मध्यरेषा आणि चढाईपटूचा दम (‘कबड्डी’चा अखंड उच्चार) सांभाळायचा, हे सहकाऱ्याशी आधीच बोलून घ्या. दोघंही एकाच पायाकडे बघत बसले की घोटाळा ठरलेला.

खरी परीक्षा झटापटीत असते. किशोर गटात पकड दोन-तीन सेकंदांत निकालात निघते. पुरुष गटात ८०-८५ किलोचा चढाईपटू साखळीला (हात धरून पकड करणाऱ्या बचावपटूंना) ओढत मध्यरेषेकडे येतो, नाहीतर साखळी त्याला रेटत अंतिम रेषेपर्यंत नेते. इथे एक चूक आम्ही नव्या पंचांकडून सतत होताना बघतो. समजा, चढाईपटूचा खांदा आणि हात रेषेबाहेर जमिनीला टेकलाय, पण एक गुडघा अजून आत जमिनीवर आहे. पंच घाईने शिट्टी फुंकतो आणि त्याला बाद देतो. हे चूक आहे. झटापट चालू असताना शरीराचा कुठलाही भाग आतल्या जमिनीला टेकलेला असेल तर खेळाडू बाद होत नाही, आणि हाच न्याय पकड करणाऱ्यालाही लागू आहे. त्यामुळे बाहेर काय गेलं यापेक्षा आत काय उरलंय ते आधी बघा. शिट्टी ओठांत असू द्या, पण फुंकायची ती दम सुटला, हात मध्यरेषेला लागला किंवा चढाईपटू पूर्ण जखडला गेला हे पक्कं दिसल्यावरच. उशीरही तितकाच वाईट. तोंड दाबणं, पायांची कैची घालणं, केस किंवा कपडे ओढणं दिसलं तर तिथेच थांबवा. वजनदार माणसं एकमेकांवर पडलेली असताना एका सेकंदात गुडघा जातो.

वादाचं म्हणाल तर निर्णय देताना हात सरळ वर, गुण मोठ्याने, आणि बोलणं फक्त कर्णधाराशी. खात्री नसेल तर सहकारी पंचाकडे बघा. दोघांत मतभेद झाला तर सरपंच, म्हणजे सामन्याचे मुख्य पंच, ठरवतील, तो त्यांचा अधिकार आहे आणि त्यात तुमचा कमीपणा नाही. मागच्या निर्णयाची भरपाई पुढच्या चढाईत मात्र कधीही करू नका. खेळाडूंना ते लगेच कळतं आणि मग त्या दिवशी तुमचं कुणी ऐकत नाही.

पेठेतल्या संघाबद्दल आयोजकांना आणि सरपंचांना आजच सांगा आणि तो सामना घेऊ नका. तुम्ही कितीही चोख असलात तरी संशय घ्यायला शेवटच्या मिनिटाचा एक बोनस पुरेसा असतो.

प्रश्न : पुरुषांच्या सामन्यात बाद खेळाडू परत आत येताना नेहमी गोंधळ होतो. जबाबदारी कुणाची? (वाचक, हडपसर)

उत्तर : नोंद सहायक गुणलेखकाची, पण निस्तरावं पंचालाच लागतं. जो आधी बाद तो आधी आत, हा क्रम मोडता येत नाही. बाद खेळाडूंना बसायच्या चौकोनात त्याच क्रमाने बसवा. उभे राहिले की क्रम विस्कटतोच. एकाच चढाईत तीन-चार जण बाद झाले की पुढची चढाई सुरू करण्याआधी गुणलेखकाकडे एकदा बघा, त्याने मान हलवली की मगच शिट्टी. लोण झाल्यावर (अख्खा संघ बाद झाल्यावर) सातही आत आले का, हेही मोजा.

प्रश्न : मातीवर आणि मॅटवर पंचगिरीत फरक पडतो का? (वाचक, भोसरी)

उत्तर : पडतो. मातीवर फक्कीच्या रेषा दोन-तीन सामन्यांत पुसट होतात, आणि बोनस रेषा सगळ्यात आधी जाते, कारण पाय तिथेच घासतात. मध्यंतराच्या ५ मिनिटांत ती पुन्हा मारून घ्या. रुंदी ३ ते ५ सेंटिमीटरच ठेवा. घाईत मारलेली रेषा हातभर पसरते आणि मग प्रत्येक बोनसवर भांडण होतं. मॅटवर रेषा टिकते, पण घामाचा ओला डाग पडला की पाय सटकतो. फडकं घेतलेला एक मुलगा बाजूला बसवून ठेवायला आयोजकांना आधीच सांगा, आणि डाग पुसून होईपर्यंत पुढच्या चढाईची शिट्टी देऊ नका.