ताईंना विचारा: गॅदरिंगचा ड्रेस

प्रश्न : ताई, मी कोथरूडला चार घरी पोळ्या करते. मुलगा आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या राखीव जागेवर, मोठ्या शाळेत चौथीला आहे. गॅदरिंगच्या ड्रेसचे साडेतीन हजार मागितलेत. ग्रुपवर बाकीच्या आया सुट्टीत स्वित्झर्लंड की जपान, हे ठरवतात. तिथे मी काय लिहू? पोरगा म्हणतो, "मला नाचायचंच नाही."
– एक आई, पुणे

उत्तर : बाई, ते "नाचायचंच नाही" वाचून पोटात तुटलं. माझी आईही लोकांकडे पोळ्या करायची. तिच्या बोटांवरचे तव्याचे चटके दिसले की सहलीचे पैसे मागवत नसत; मग मी पोट दुखतंय म्हणून घरी राहायचे. तुमच्या लेकाला नाचायचंय, खात्रीने सांगते.

ड्रेसचे पैसे माफ करा, असा अर्ज उद्याच मुख्याध्यापकांना द्या, पोच घ्या. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने या २५ टक्के राखीव जागांवरचं शिक्षण आठवीपर्यंत मोफत आहे. ड्रेसचा उल्लेख त्यात नाही, पण मुलाला मानसिक त्रास द्यायला कलम १७ ची मनाई आहे. त्याला वगळलं, तर महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे लेखी तक्रार करा. कलम ३२ प्रमाणे तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो.

आणि ग्रुपवर सरळ विचारा, मागच्या वर्षीचा ड्रेस कुणाकडे आहे का? एखादी तरी कपाट उघडेल.