प्रमाणपत्रावर ‘प्रोव्हिजनल’ लिहिलं होतं, ते कुणी वाचलं?

प्रश्न : औसा तालुक्यातल्या आमच्या गावात पंधरा-सोळा जणांचा गट आहे. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, त्या उन्हाळ्यात आम्ही एकत्र आलो. आधी टँकरचं वाटप, मग नाला खोलीकरण आणि आता गावातल्या मुलामुलींसाठी अभ्यासिका. २०२१ मध्ये धर्मादाय कार्यालयात न्यास नोंदवला, पॅन काढलं. जानेवारी २०२२ मध्ये १२ए (न्यासाच्या उत्पन्नाला आयकरातून सूट) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) दोन्ही मिळालं. अर्ज एका नेट सेंटरवरून भरले होते, आयकर पोर्टलवर ईमेल आणि मोबाईल तिथल्याच मुलाचा आहे. गावचेच एक गृहस्थ पुण्यात असतात, ते अभ्यासिकेला तीन लाख देणार होते. त्यांचे सीए म्हणाले, तुमचं ८०जी २०२४ मध्येच संपलं. आम्हाला कसलीच नोटीस आली नव्हती. आजही पावत्यांवर ८०जीचा शिक्का मारतो. काही जण म्हणतात, नवा न्यास काढा, नवं पॅन घ्या. काय करावं?

उत्तर : गावाचं नाव आणि कामाचा प्रकार वगळला तर तुमचं पत्र मला पाठ आहे. या वर्षात अशी किती आली, मोजणं सोडून दिलंय. कुणाची गोशाळा, कुणाचं वाचनालय, कुणाची रुग्णवाहिका. न्यास कसा नोंदवायचा, पॅन कसं काढायचं हे तुम्ही पार करून आलात, तेव्हा त्यात शिरत नाही. थेट जिथे अडलंय तिथे येतो.

अभ्यासिकेतलं ते प्रमाणपत्र भिंतीवरून उतरवा आणि चार जणांत मोठ्याने वाचा. त्यावर ‘प्रोव्हिजनल’ हा शब्द आहे, म्हणजे तात्पुरती नोंदणी. जानेवारी २०२२ ची नोंदणी असेल तर खाली कालावधी साधारण असा असेल : निर्धारण वर्ष २०२२-२३ ते २०२४-२५. तुमच्यापैकी कुणी तो आकडा पाहिलाच असेल, तर ‘मार्च २०२५ पर्यंत बघायला नको’ असं म्हणून सोडून दिला असणार. इथेच माणसं एक अख्खं वर्ष गमावतात. निर्धारण वर्ष हे हिशेबाच्या वर्षाच्या एक पाऊल पुढे असतं. निर्धारण वर्ष २०२४-२५ म्हणजे ३१ मार्च २०२४ ला संपलेलं आर्थिक वर्ष. त्या दिवशी तुमची दोन्ही प्रमाणपत्रं संपली.

नोटीस आली नाही म्हणता. दुधाच्या पिशवीवर तारीख छापलेली असते. दूध नासणार आहे हे सांगायला डेअरीवाला घरी येत नाही. तात्पुरती नोंदणी संपताना नोटीस देण्याचं बंधन खात्यावर नाही.

आता ज्या एका वाक्यावर सगळं ठरतं, ते पाहा. तात्पुरत्या नोंदणीची कायम (म्हणजे नियमित, पण तीही ठरावीक वर्षांचीच) नोंदणी करून घेण्याचा अर्ज, म्हणजे फॉर्म १०एबी, मुदत संपण्याच्या किमान सहा महिने आधी, किंवा काम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत करायचा, आणि या दोहोंत ‘जे आधी असेल ते’ धरायचं. हे शेवटचे चार शब्द कुणी वाचत नाही. मुदतीच्या बाजूने मोजलं तर तुमची शेवटची तारीख ३० सप्टेंबर २०२३. पण तुमचं काम तर न्यास होण्याच्याही आधीपासून चालू होतं! म्हणजे दुसऱ्या बाजूने मोजलं तर कागद हातात पडला, तेव्हाच घड्याळ पळत होतं. तीन वर्षं ही सवड त्या न्यासांसाठी होती, ज्यांचं काम अजून सुरूच व्हायचं होतं. तुमच्यासारख्यांना ती कधी नव्हतीच.

देशभर हाच घोळ झाला म्हणून प्रत्यक्ष कर मंडळाने मुदत वाढवत नेली. शेवटची वाढ ३० जून २०२४ पर्यंत होती. तीही तुमच्या डोळ्यांदेखत गेली, कारण डोळे नेट सेंटरवाल्याच्या ईमेलवर नव्हते.

तरी दार पूर्ण बंद नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून १२ए च्या कलमात एक परंतुक, म्हणजे अपवादाची पुस्ती, आलंय. उशिराला वाजवी कारण आहे असं आयकर आयुक्तांना वाटलं, तर ते उशीर माफ करू शकतात, आणि मग तो अर्ज मुदतीतच केला होता असं मानलं जातं. या मानण्याला किंमत आहे. कलम ११५टीडी असं सांगतं की तात्पुरत्यावरून कायम नोंदणीचा अर्ज वेळेत केला नाही, तर न्यासाच्या मालमत्तेच्या बाजारभावातून देणी वजा करून जे उरेल, त्यावर कमाल दराने कर. उत्पन्नावर नव्हे, साठलेल्या सगळ्यावर. खात्यातली शिल्लक, पुस्तकं, संगणक, अभ्यासिकेचं शेड न्यासाच्या नावावर असेल तर तेही. तुमच्याकडे किती आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे आकडा सांगत नाही. पण उशीर माफ झाला तर या कराचा पायाच निघून जातो. म्हणून तुमच्या प्रकरणात विलंबमाफीचा अर्ज हाच मुख्य अर्ज समजा, बाकीचं त्याला जोडलेलं.

मराठवाड्यातल्या संस्थांसाठी हे काम पुण्याचे आयकर आयुक्त (सूट) पाहतात. पण तिथे फेऱ्या मारायच्या नाहीत. अर्ज, प्रश्न, उत्तरं सगळं पोर्टलवर. आणि नेमकं म्हणूनच माझं पहिलं सांगणं असं : अर्जाला हात लावण्याआधी पोर्टलवरचा ईमेल आणि मोबाईल बदला. आजच. आयुक्त विचारणा पाठवतात, उत्तराला थोडे दिवस देतात, उत्तर आलं नाही की अर्ज फेटाळतात. असे फेटाळलेले अर्ज घेऊन लोक माझ्याकडे येतात आणि म्हणतात, ‘साहेब, आम्हाला कळलंच नाही.’ मग पुण्याच्या अपिलीय न्यायाधिकरणात जायचं, तिथून प्रकरण पुन्हा आयुक्तांकडे, आणि जे काम सहा-आठ महिन्यांत झालं असतं त्याला दोन-दोन वर्षं लागतात. तोवर देणगीदार कंटाळून दुसरीकडे गेलेला असतो.

पोर्टलवर कुणाच्या सहीने लॉगिन आहे, तेही पाहा. जुन्या अध्यक्षांच्या नावाने असेल आणि दरम्यान अध्यक्ष बदलले असतील, तर परिशिष्ट एकवर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या न्यासाच्या नोंदीवर, नवं नाव चढलंय का? विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ खाली बदल अर्ज द्यावा लागतो. तो राहिला असेल तर उशिराच्या अर्जासह लगेच टाका. पुढच्या तारखा पडायच्या तशा पडतील, त्यावर तुमचा-माझा इलाज नाही. दाखल केल्याची पोच हातात असू द्या.

विलंबमाफीत काय लिहायचं? ‘कायदा माहीत नव्हता’ एवढंच लिहिलंत तर ते कमजोर पडेल. जे खरं आहे ते तारखांसह प्रतिज्ञापत्रावर लिहा : संस्थेत पगारी माणूस नाही, अर्ज कुणी भरला, ईमेल कुणाचा होता, मुदत संपल्याचं पहिल्यांदा कुणाकडून आणि केव्हा कळलं, त्यानंतर किती दिवसांत तुम्ही हालचाल केली. या शेवटच्या मुद्द्याकडे बारकाईने पाहिलं जातं. पुण्याच्या सीएंनी सांगून किती दिवस झाले, हे तुम्ही मला लिहिलेलं नाही, आणि मला शंका आहे की महिने झालेत. आजपासून तरी एक दिवस वाया घालवू नका. सोबत न्यासपत्र, धर्मादाय नोंदणी, तीन वर्षांचे ताळेबंद, कामाचे फोटो, डिझेलची आणि जेसीबीची बिलं जोडा. बिलं न्यासाच्या नावाची हवीत. एखाद्या सदस्याच्या नावाची असतील तर पैसे न्यासाच्या खात्यातून गेल्याचं दाखवा.

एक आडवाट आहे, पण ती मी जपून सांगतो. काम सुरू असलेल्या आणि कधीच कलम ११ ची, म्हणजे न्यासाच्या उत्पन्नावरची, सूट न घेतलेल्या संस्थेला थेट कायम नोंदणीचा अर्ज करता येतो. तुम्ही आजवरच्या विवरणपत्रांत ती सूट घेतली की नाही, हे तुम्हालाही ठाऊक नसणार. आयटीआर-७ च्या, म्हणजे न्यासाच्या विवरणपत्रांच्या, प्रती काढा आणि एखाद्या सीएला दाखवा. सूट घेतलेली असेल तर ही वाट बंद. घेतलेली नसली तरी आधीच्या चुकीचं काय, हा प्रश्न त्या वाटेने सुटतो असं मी छातीठोक म्हणणार नाही. माझा कल विलंबमाफीकडेच आहे. शिवाय विलंबमाफीच्या रस्त्याने नोंदणी मिळाली, तर वर्षाला पाच कोटींच्या आत उत्पन्न असलेल्या संस्थांना १२ए आता दहा वर्षांसाठी मिळते. ८०जी मात्र पाचच वर्षांसाठी. म्हणजे भिंतीवरचे दोन कागद वेगवेगळ्या दिवशी संपणार; तारखा आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा.

८०जीचा अर्ज वेगळा आणि त्याची बाजू कमजोर आहे. विलंबमाफीचं ते परंतुक १२ए च्या कलमात आहे, ८०जीच्या नाही. न्यायाधिकरणाच्या काही निर्णयांत ८०जीच्या मुदतीकडेही सौम्यपणे पाहिलंय, पण त्या भरवशावर पुण्याच्या गृहस्थांना शब्द देऊ नका. त्यांना सांगा, पैसे द्यायचे असतील तर सवलतीशिवाय द्या, नाहीतर थांबा.

आता शिक्क्याबद्दल. १ एप्रिल २०२४ नंतर ८०जीचा शिक्का मारून दिलेली प्रत्येक पावती चुकीची आहे. ज्यांनी त्यावर वजावट घेतली, त्यांना उद्या त्यांच्या खात्यावर विचारणा येईल, कारण फॉर्म १०बीई, म्हणजे देणगीचं प्रमाणपत्र, त्यांच्याकडे नसणार. तो फॉर्म निघतो तुम्ही ३१ मे पर्यंत भरायच्या १०बीडी, म्हणजे वर्षभरातल्या देणग्यांच्या विवरणामधून. नोंदणी चालू होती त्या वर्षांत तरी १०बीडी भरलं होतं का? नसेल तर दिवसाला २०० रुपये शुल्क आहे, देणगीच्या रकमेपर्यंत. दंड त्याशिवाय होऊ शकतो. पावती पुस्तकाच्या स्थळप्रतींवरून यादी काढा आणि प्रत्येकाला पत्र लिहा की ही पावती वजावटीला चालणार नाही. लाज वाटेल, पण त्यांनी वेळेत अद्ययावत विवरणपत्र भरलं तर थोडक्यात सुटतील.

नवा न्यास, नवं पॅन. हा सल्ला देणाऱ्यांना विचारा, जुन्या न्यासाचे पैसे आणि शेड नव्यात कसं नेणार? न्यासाची मालमत्ता तुमची नाही, की या खिशातून काढून त्या खिशात घालावी. स्थावर असेल तर विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ ची पूर्वपरवानगी लागते. जुनं पॅन राहतंच, त्याच्यावरची जबाबदारीही राहते. आणि त्याच न्यासाला दुसरं पॅन काढायचा कुणाचा विचार असेल, तर त्याला दहा हजारांचा दंड आहे.

मी आयकराची कलमं १९६१ च्या कायद्यातली सांगितली. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होतो, त्यात क्रमांक आणि फॉर्म बदलतात. म्हणून अर्ज भरताना तेव्हा कोणता फॉर्म लागू आहे ते आधी बघा. ईमेल बदलला की प्रमाणपत्राच्या दोन्ही बाजूंची प्रत, आयटीआर आणि परिशिष्ट एक मला पाठवा. विलंबमाफीचा मसुदा ते पाहिल्याशिवाय करता येणार नाही.