किनाऱ्यापलीकडचा सिंधुदुर्ग

प्रश्न : आम्ही सिंधुदुर्गात चार दिवस जाणार आहोत. समुद्रकिनाऱ्यांपलीकडची तिथली कला आणि लोकजीवन कसे अनुभवावे?

उत्तर : शक्य असल्यास कार्तिकी पौर्णिमेनंतर, जत्रांच्या हंगामात जावे. ग्रामदेवतेची पालखी झाल्यावर रात्री उशिरा देवळाच्या आवारात दशावतार हे लोकनाट्य उभे राहते. त्यातील संवाद लिहिलेले नसतात, कलाकार ते पायपेटी, मृदंग आणि झांजेच्या साथीने जागच्या जागी रचतात, म्हणून पहाटेपर्यंत जागण्याची तयारी ठेवावीच. दिवसा कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी (चित्रे दाखवत कथा सांगण्याची कला) व कळसूत्री बाहुल्या पाहाव्यात. ही परंपरा जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळणी मिळतात. जत्रेतले खाजे, हा गोड खाऊ, मात्र विसरू नये.