मुलाच्या नोंदी आपोआप पुसल्या जातात का?

प्रश्न : कॉलेजजवळच्या मारामारीत माझा मुलगा सापडला, तेव्हा तो १७ वर्षांचा होता. बाल न्याय मंडळाने ताकीद देऊन सोडलं. आता तो पोलीस भरतीला बसतोय. अमेरिकेत अशा नोंदी आपोआप झाकल्या जातात म्हणे. आपल्याकडे काय?
– एक आई, नंदनवन, नागपूर

उत्तर : ताई, तिकडे पेनसिल्व्हेनिया राज्याने २०१८ मध्ये तसा कायदा केला, ठरावीक गुन्ह्यांच्या नोंदी तिथे अर्ज न करता बंद होतात. आपल्याकडे प्रौढांसाठी अशी सोय नाही. अल्पवयीनांना मात्र बाल न्याय अधिनियम, २०१५ चं भक्कम संरक्षण आहे. कलम २४(१) नुसार मंडळाच्या निकालामुळे मुलगा कशालाही अपात्र ठरत नाही. कलम २४(२) नुसार नोंदी नष्ट करण्याचा आदेश मंडळानेच पोलिसांना द्यायचा असतो. २०१६ च्या आदर्श नियमांत त्या जपण्याची कमाल मुदत सात वर्षं आहे. (सोळा वर्षांपुढच्या मुलाचा निर्घृण गुन्हा बाल न्यायालयाने प्रौढासारखा चालवला, तर ही सवलत नाही. तुमचं प्रकरण त्यात बसत नाही.)

घोटाळा होतो तो पोलीस ठाण्यात. प्रौढ आरोपींबरोबर एकच एफआयआर असेल तर मुलाचं नाव त्यात राहतं, आणि मंडळाचा आदेश ठाण्यापर्यंत पोचलेलाच नसतो. म्हणून आधी मंडळातून अंतिम आदेशाची प्रमाणित प्रत काढा. हे आजच करा, कारण नोंदी नष्ट झाल्यावर तीच प्रत मिळणार नाही आणि पुढे चारित्र्य पडताळणीत कुणी शेरा मारला तर हातात पुरावा उरणार नाही. आदेशात नोंदी नष्ट करण्याचं वाक्य नसेल तर कलम २४(२) खाली मंडळाकडे अर्ज द्या. मग आदेशाची प्रत ठाण्यात देऊन शिक्का-तारखेची पोच घ्या.

सात वर्षं व्हायची असली तरी घाबरू नका. प्रकरण निकाली निघालं की कलम ७४(२) प्रमाणे चारित्र्य प्रमाणपत्रासाठी पोलिसांना ती नोंद उघड करता येत नाही. तरीही शेरा आलाच, तर या कलमाचा उल्लेख करून, पोच जोडून पोलीस आयुक्तांकडे लेखी अर्ज करा. वकील परवडत नसेल तर सिव्हिल लाइन्सला जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे.

साक्षांकन नमुना (भरतीत स्वतःची माहिती लिहून द्यायचा फॉर्म) भरताना प्रश्नाचे शब्द नीट वाचा. 'शिक्षा झाली का' आणि 'गुन्हा नोंदला गेला का' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसरा विचारला असेल तर खोटं 'नाही' लिहू नका. खरं लिहून मंडळाचा आदेश आणि कलम २४ नमूद करा. अल्पवयातला खटला नोकरीच्या आड येऊ शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटलं आहे.