४०१(के)मधून कर्ज काढून रेल्वेची जुनी मोटरकार घ्यावी का?

प्रश्न: मी ४७ वर्षांचा, ओहायोत राहतो. वडील मध्य रेल्वेत भुसावळ विभागात पीडब्ल्यूआय, म्हणजे रुळांच्या देखभालीचे निरीक्षक, होते, लहानपणी त्यांच्या मोटर ट्रॉलीवर बसलो आहे. इथे तशीच जुनी फेअरमॉन्ट मोटरकार (रुळांवर चालणारी छोटी गाडी) घेऊन स्वतः दुरुस्त करायची इच्छा आहे. दोन गाड्या पाहिल्या: बंद पडलेली एम-१९, किंमत १,८०० डॉलर, आणि चालू स्थितीतली एमटी-१४, ट्रेलरसह ६,५०० डॉलर. गाडी, सुटे भाग, अवजारं मिळून ४०१(के)मधून, म्हणजे पगारातून कापून साठणाऱ्या निवृत्ती खात्यातून, १५,००० डॉलर कर्ज काढायचा विचार आहे. व्याज शेवटी आपल्याच खात्यात जातं. हप्ते फिटेपर्यंत ४०१(के)ची नियमित कपात थांबवीन. घरखर्च महिना ६,९००, बाजूला ठेवलेली रक्कम २१,०००. मार्चमध्ये हातात साधारण ४,००० बोनस येतो. मुलगी अकरावीत आहे. कंपनीत नोकरकपातीची चर्चा आहे. पत्नीला हा खर्च पटत नाही. मी तिला सांगतो की अशा गाड्यांची किंमत वाढतच जाणार, शिवाय छोटा व्यवसाय दाखवून करात सूटही घेता येईल.

उत्तर: गाडी घ्या, पण कर्ज काढू नका. आणि पत्नीला दिलेली दोन्ही कारणं मागे घ्या, कारण ती टिकणारी नाहीत. वडिलांच्या ट्रॉलीची आठवण आणि हाताने यंत्र जिवंत करण्याची ओढ हे तुमचं खरं कारण आहे आणि ते पुरेसं आहे. त्याला गुंतवणुकीचा मुलामा दिलात की हिशेब चुकायला लागतो. मग प्रत्येक सुट्या भागावरचा खर्च ‘पुढे वसूल होईल’ असं म्हणत केला जातो.

आधी किमतीचं बोलू. मिनेसोटातल्या फेअरमॉन्ट गावच्या कंपनीने अशा गाड्या कित्येक दशकं बनवल्या. रुळांची तपासणी आणि देखभाल करणाऱ्या टोळ्या त्यांवरून फिरत. पुढे रस्त्यावरही आणि रुळांवरही चालणारे हाय-रेल ट्रक आले, रेल्वे कंपन्यांनी मोटरकार विकून टाकल्या आणि त्या हौशी लोकांच्या गॅरेजमध्ये पोहोचल्या. म्हणजे वस्तू जुनी असली तरी दुर्मीळ नाही. घेणाराही ठराविकच असतो: ज्याच्याकडे जागा आहे, ट्रेलर ओढणारी गाडी आहे आणि रुळांवर जाण्याची पात्रता आहे असा. वाढत्या किमतीवर भिस्त ठेवावी असा हा बाजार मला वाटत नाही. त्यातून तुम्ही ती नफ्याने विकलीत तर नफ्यावर कर लागेल; तोट्यात विकलीत तर वैयक्तिक वापराच्या वस्तूचा तोटा करात वजा होत नाही.

व्यवसाय दाखवण्याची कल्पना तर सोडूनच द्या. नफा कमावण्याचा खरा हेतू नसेल तर आयआरएस (अमेरिकेचं आयकर खातं) त्याला छंद मानते. पाचपैकी तीन वर्षं नफा झाला तर हेतू नफ्याचा होता असं गृहीत धरतात. तुमच्या बाबतीत एक वर्षही तसं जाणार नाही. २०१८ पासून छंदावरचा खर्च वजा करता येत नाही, छंदातून मिळालेलं उत्पन्न मात्र करपात्र आहे. उगाच व्यवसाय दाखवला तर पुढे नोटीस आल्यावर कर, व्याज आणि दंड असं तिन्ही भरावं लागेल.

आता कर्ज. १५,००० डॉलर पाच वर्षांसाठी, समजा साडेआठ टक्क्यांनी, म्हणजे महिना साधारण ३०८ डॉलर हप्ता. व्याज तुमच्याच खात्यात जातं हे खरं. पण तेवढे दिवस ती रक्कम बाजारात नसते, आणि कपात थांबवलीत तर कंपनीचं मॅच (तुमच्या कपातीच्या जोडीला कंपनी भरते ती रक्कम) हेही बुडतं. आपल्या पगाराचाच भाग असलेली रक्कम अशी सोडून देऊ नका. त्याहून मोठी काळजी नोकरीची आहे. नोकरी गेली आणि उरलेलं कर्ज त्या वर्षीचं विवरणपत्र भरण्याच्या मुदतीपर्यंत (मुदतवाढ धरून) खात्यात परत भरता आलं नाही, तर ती रक्कम उत्पन्नात धरली जाते. वय साडेएकोणसाठच्या आत असल्यामुळे, काही अपवाद सोडले तर, वर दहा टक्के दंड बसतो. पगार थांबलेल्या वर्षीच ही भर पडणार.

कर्ज काढायचा विचार आहे, म्हणजे महिना ३०८ डॉलर भरायची तुमची तयारी आहेच. मग तेच पैसे हप्त्याऐवजी साठवा. माझ्या मते २०० डॉलर गाडीच्या वेगळ्या खात्यात आणि उरलेले १०८ आणीबाणीच्या ठेवीत. तुमचे २१,००० जेमतेम तीन महिन्यांचा खर्च भागवतील. नोकरकपातीची चर्चा असताना आणि मुलगी कॉलेजच्या उंबरठ्यावर असताना सहा महिन्यांची तजवीज हवी. म्हणून मार्चच्या बोनसमधले १,८०० गाडीला, २,२०० ठेवीत. मुलीच्या ५२९ खात्यात (शिक्षणासाठीच्या बचत खात्यात) जे जात असेल ते तसंच जाऊ द्या.

यावरून कोणती गाडी हेही बरंचसं ठरतं. निव्वळ एकूण खर्च पाहिला तर एमटी-१४ स्वस्त पडेल असा माझा अंदाज आहे. तिचं दोन सिलिंडरचं ओनान इंजिन जनरेटर आणि बागेच्या ट्रॅक्टरांतल्या इंजिनांच्या घराण्यातलं, त्यामुळे काम जाणणारा मेकॅनिक सापडतो, आणि ट्रेलर सोबत आहे. पण ६,५०० एकदम द्यावे लागतील आणि ते ठेवीतूनच जातील. एम-१९ दुरुस्त होऊन रुळांवर येईपर्यंत बहुधा त्याहून जास्त खाईल, पण थोडं थोडं, तुमच्या सवडीने. नोकरी गेलीच तर त्या महिन्यापासून एक पैसाही न घालता ती गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली उभी राहू शकते. तुम्हाला चालवण्यापेक्षा दुरुस्त करायची हौस अधिक आहे, असं तुमच्या प्रश्नावरून दिसतं. तेव्हा एम-१९.

फक्त १,८०० देण्याआधी ती नीट तपासा. एम-१९चं इंजिन एका सिलिंडरचं, टू-स्ट्रोक, पाण्याने थंड होणारं. कुणी हिवाळ्यात पाणी न काढता ते ठेवलं असेल तर बर्फ होऊन ओतीव लोखंडाला तडा गेलेला असू शकतो, आणि ओहायोच्या थंडीत याची शक्यता चांगलीच आहे. जाम झालेला पिस्टन सुटतो, रिंगा बदलता येतात, पण तडा गेलेला सिलिंडर सांधणं महाग काम आहे. तडा दिसला तर किंमत निम्म्याने कमी करायला सांगा किंवा सोडून द्या. मग चाकांच्या कडांची झीज आणि अ‍ॅक्सल. हबजवळचा बारीक तडा डोळ्यांना दिसत नाही. कारखान्यात चुंबकीय किंवा अल्ट्रासॉनिक तपासणी करून घ्यावी लागते. पहिल्या सहा महिन्यांचे २०० डॉलर चाकं, अ‍ॅक्सल आणि ब्रेक यांवरच जावेत असा माझा आग्रह आहे. रंग, बाक, पितळी पाट्या नंतर. वडिलांनी लोकांच्या जिवासाठी रूळ तपासले. तुमच्या गाडीवर मुलगी बसणार आहे.

ट्रेलर आत्ता नकोच. गाडी घरी आणायला एक दिवस भाड्याने घ्या. दुरुस्ती पूर्ण होईपर्यंत तिला कुठे न्यायचंच नाही. तोवर तुमच्या मोटारीच्या पुस्तिकेत टोइंगची क्षमता पाहून ठेवा. ट्रेलर आणि मोटरकार यांचं मिळून वजन तिने ओढायला हवं, नाहीतर या छंदाच्या नावाने एक पिकअप ट्रक घरात येईल आणि वरचा सगळा हिशेब मोडेल.

विम्याकडे मात्र दुर्लक्ष करू नका. गवत उगवलेला, वर्षानुवर्षं गाडी न गेलेला रूळसुद्धा कुणाच्या तरी मालकीचा असतो, आणि परवानगीशिवाय त्यावर जाणं गुन्हा आहे. शिवाय या गाड्यांची चाकं विद्युतरोधित असतात, म्हणजे सिग्नल यंत्रणेला त्या कळत नाहीत आणि फाटकाचे दिवे लागत नाहीत. प्रत्येक फाटकावर थांबून, झेंडा दाखवून रस्त्यावरची वाहनं आपणच थांबवायची असतात. तिथे अपघात झाला तर घराचा विमा किंवा अम्ब्रेला पॉलिसी (इतर विम्यांच्या वरची जादा दायित्वाची पॉलिसी) कामी येईल असं गृहीत धरू नका. कंपनीला लेखी विचारा. मोटरकारवाल्यांची नार्कोआ ही संघटना आहे. तिचं सभासदत्व, नियमांची परीक्षा, अनुभवी माणसाबरोबरचा सराव आणि रेल्वे कंपनीच्या परवानगीने होणाऱ्या सहली, या वाटेनेच जा, कारण दायित्वाचं संरक्षण तिथे मिळतं. सहलीचं शुल्क, पेट्रोल आणि मुक्काम हेही त्याच २०० डॉलरमधून.

आणि गाडी घेण्याच्या आधी अशा एका सहलीत पाहुणे म्हणून बसता येतं का ते विचारा, पत्नी आणि मुलीसह. तिघांनाही दिवसभराचा धक्का, धूर आणि आवाज सोसतो का ते कळेल. पत्नीच्या होकारासाठी यापेक्षा सरळ मार्ग मला दिसत नाही. महिना २०० ही मर्यादा तिच्यासमोर लिहून ठरवा. त्यापुढे जायचं झालं तर दोघांचा होकार हवा.

व्यवहार ठरला तर विक्रेत्याकडून सही केलेलं बिल ऑफ सेल (विक्रीचा कागद) घ्या, त्यात गाडीचा अनुक्रमांक आणि त्याला ती कुणाकडून मिळाली हे लिहून घ्या. या गाड्यांना रस्त्यावरच्या वाहनासारखी मालकीची कागदपत्रं नसतात आणि मुळात त्या रेल्वे कंपनीच्या मालमत्ता होत्या. हा कागद नसेल तर पैसे देऊ नका.