वाचलेले इंग्रजी नाटक आता पाहावे कसे?

प्रश्न : मी सांगलीत विश्रामबागला राहणारी निवृत्त शिक्षिका आहे. बी.ए.ला शॉचे ‘पिग्मॅलियन’ आणि शेक्सपिअरचे ‘मॅक्बेथ’ होते. गाइडच्या आधाराने परीक्षा दिली; ‘मॅक्बेथ’मधले एक स्वगत तेवढे अजून पाठ आहे. आता मुलाने इंटरनेटचा टीव्ही घेऊन दिला आहे, परंतु चित्रपट लावला तर उच्चार कळत नाहीत आणि पुस्तक उघडले तर झोप येते. सुरुवात कोठून करावी?

उत्तर : ज्या गावात १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगवले, तेथे राहणाऱ्या आपल्याला नुसत्या पुस्तकाने झोप यावी, हे मला स्वाभाविकच वाटते.

‘मॅक्बेथ’ तूर्त बाजूला ठेवावे आणि ‘पिग्मॅलियन’ हाती घ्यावे, कारण ते गद्यात आहे आणि आपल्याला अडणारे उच्चार हाच त्याचा विषय आहे. फुलवाल्या एलायझाची बोली शॉने पहिल्या अंकात चमत्कारिक स्पेलिंगे करून लिहायला घेतली आणि लंडनबाहेर हे कोणाला कळणार नाही, असे कंसात कबूल करून दोन-तीन ओळींतच तो नाद सोडला. लेखकालाच जे कागदावर उतरवता आले नाही, ते गाइडमध्ये कोठून सापडणार?

म्हणून रोज एकच अंक घ्यावा. ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’वर संहिता विनामूल्य मिळते आणि ‘लिब्रिवॉक्स’वर स्वयंसेवकांनी केलेले वाचन ऐकता येते. सगळेच आवाज कसलेले नसतात, तरी संहिता समोर ठेवून ऐकल्यास कान तयार होतो. त्यानंतर वेंडी हिलर आणि लेस्ली हॉवर्ड यांचा १९३८चा चित्रपट पाहावा. उपशीर्षके इंग्रजीच ठेवावीत. भाषांतरित असली की डोळे अर्थ टिपतात आणि कान रिकामे बसतात.

या चित्रपटाच्या पटकथेसाठी शॉला ऑस्कर मिळाले, पण त्याचा शेवट शॉचा नाही. नाटकात एलायझा निघून जाते आणि पुढे तिचे लग्न तिच्यावर भाळलेल्या फ्रेडीशी झाले, असे शॉने १९१६च्या उपसंहारात बजावून सांगितले. पडद्यावर मात्र ती आपल्याला उच्चार शिकवणाऱ्या प्राध्यापक हिगिन्सकडे परतते. यासाठी शेवटचा अंक चित्रपटानंतर पुन्हा वाचावा. याच नाटकावर बेतलेली पुलंची ‘ती फुलराणी’ आपण पाहिली असेल, तर तिच्यातल्या मंजुळेची आठवण वाटेत सोबतीला राहीलच. याच कथेची गाण्यांनी सजलेली ‘माय फेअर लेडी’ मी सर्वांत शेवटी ठेवीन.

विनोदी नाटकांसाठी मात्र, शक्य तेथे, चित्रपटाऐवजी प्रत्यक्ष प्रयोगाचे चित्रीकरण निवडावे. लंडनचे नॅशनल थिएटर २००९पासून आपले प्रयोग चित्रपटगृहांत दाखवते आणि २०२०पासून वर्गणी भरून घरबसल्याही काही प्रयोग पाहता येतात. अशा चित्रीकरणात प्रेक्षकांचे हसू ऐकू येते आणि निसटलेला विनोद कोठे होता, हे निदान समजते.

‘मॅक्बेथ’साठी ट्रेव्हर नन दिग्दर्शित १९७९चे दूरचित्रवाणी रूप शोधावे. नेपथ्य जवळजवळ नाहीच. काळोख आणि इअन मॅकेलन व जूडी डेंच यांचे अगदी जवळून दिसणारे चेहरे, एवढ्यावरच ते उभे आहे. आपल्या पाठ असलेल्या स्वगताची वेळ आली की उपशीर्षके बंद करावीत.