स्पीच थेरपीचा खर्च आणि पॉलिसीचा हप्ता

प्रश्न : माझे वडील ६८ वर्षांचे आहेत. आठ महिन्यांपूर्वीच्या पक्षाघातापासून त्यांना नीट बोलता येत नाही आणि पाणी पिताना ठसका लागतो. थेरपिस्टने आठवड्याला तीन सत्रे सांगितली आहेत. एका सत्राचे ८०० रुपये होतात. माझा पगार ४५ हजार आहे. बँकेतील अधिकाऱ्यांच्या सल्ल्याने नुकतीच वडिलांची १५ लाखांची ठेव मोडून विमा घेतला. प्रस्तावक, म्हणजे पॉलिसी घेणारे, वडील, विमा माझ्या आयुष्यावर, वर्षाला तीन लाखांचा हप्ता दहा वर्षे आणि पंधराव्या वर्षी ५० लाख. शिवाय कर वाचेल, असे सांगितले. पडताळणीच्या व्हिडिओ कॉलवर वडिलांनी सर्व प्रश्नांना ‘हो’ म्हटले. हल्ली ते कशालाही ‘हो’च म्हणतात. पॉलिसीचे कागद १८ दिवसांपूर्वी आले. पुढचा हप्ता चुकू नये म्हणून थेरपी आठवड्यातून एकदाच ठेवावी का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : नाही. थेरपीचा खर्च महिन्याला साधारण दहा हजार, म्हणजे वर्षाला सव्वा लाख येतो. आपल्याला जड होणार आहे तो तीन लाखांचा हप्ता. ठेवीतून पाच हप्ते जातील. उरलेले पाच, म्हणजे आणखी १५ लाख, ४५ हजारांच्या पगारातून कसे येणार, हे त्या अधिकाऱ्यांना आपण विचारलेले दिसत नाही. तीस लाखांचे पंधराव्या वर्षी ५० लाख हा परतावा वर्षाला जेमतेम पाच टक्के पडतो. कर वाचण्याचे आमिष तर निव्वळ हास्यास्पद आहे, कारण एवढ्या पगारावर नव्या करप्रणालीत कर लागतच नाही.

कागद मिळाल्यापासून ३० दिवसांत पॉलिसी रद्द करता येते, म्हणजे आपल्याकडे १२ दिवस उरले आहेत. वडिलांच्या सही-अंगठ्यासह लेखी अर्ज विमा कंपनीकडे आजच द्या, तारखेची पोच घ्या आणि बँकेतील ‘जरा थांबा, मी बोलतो’ हे आश्वासन ऐकून दिवस घालवू नका. मुद्रांक शुल्क आणि थोडी जोखीम-वर्गणी, म्हणजे तेवढ्या दिवसांच्या विमा संरक्षणाचे पैसे, वजा होऊन बाकीचा हप्ता परत मिळेल. हप्ता आपोआप कापण्याची खात्यावरील परवानगीही काढून घ्या.

कंपनीने टाळाटाळ केली तर तो ‘हो’ महत्त्वाचा ठरेल. वाचाघातात, म्हणजे अफेजियात, पाणी हवे का असे विचारले तरी ‘हो’ आणि नको का असे विचारले तरी ‘हो’ येणे नवीन नाही; अशा होकाराला पूर्ण समजून दिलेली संमती म्हणता येत नाही. थेरपिस्टकडून मूल्यांकनाचा अहवाल लेखी घ्या. मात्र तक्रारीत वडील अक्षम आहेत असे लिहू नका, कारण वाचाघाताने बुद्धी गेलेली नसते आणि तो शब्द उद्या त्यांच्याच बँक व्यवहारांत आडवा येईल. त्यांची तोंडी उत्तरे विश्वासार्ह नव्हती, एवढेच लिहा. कंपनीने ३० दिवसांत समाधान केले नाही तर विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. त्यांचे कार्यालय पुण्यात आहे.

पैसे परत आले की वडिलांच्या नावे, आईला संयुक्त खातेदार ठेवून, ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत घाला. सध्याच्या ८.२ टक्क्यांनी १५ लाखांवर दर तिमाहीला सुमारे ३० हजार व्याज येते आणि त्यात तीनही सत्रे जवळपास बसतात. सही जमत नसेल तर दोन साक्षीदारांसमोर अंगठा चालतो का, हे खाते उघडताना विचारा. बँकांमध्ये अशी सोय आहे.

सत्रे कमी करू नका, असे मी केवळ वडिलांचे बोलणे सुधारावे म्हणून म्हणत नाही; गिळण्यावरही याच थेरपीत काम होते. पाणी श्वासनलिकेत गेल्याने न्यूमोनिया होऊ शकतो आणि रुग्णालयातील एकच मुक्काम थेरपीच्या वर्षभराच्या खर्चाला सहज मागे टाकतो. ठसका थांबला म्हणजे धोका टळला असेही नाही, कारण काही रुग्णांच्या श्वासनलिकेत घास आवाज न करता उतरतो. गिळण्याची तपासणी झाली नसेल तर ती आधी करून घ्या. पाणी किती घट्ट करून द्यायचे, हे त्यावरून ठरते.

पूर्वीसारखे बोलण्याची हमी देऊन आगाऊ पॅकेज विकणाऱ्यांना पैसे देऊ नका. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा वेगाने होते आणि नंतर ती मंदावते, पण आठव्या महिन्यात ती संपलेली नसते. सत्रागणिक पैसे द्या, थेरपिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडील नोंदणी पाहा आणि दर तीन महिन्यांनी लेखी प्रगती मागा.